घरावरून गाडी

फ्लेक्सच्या दुकानात मशीनखाली कात्रणं साठतात. कोणाचा कान, कोणाची अर्धी मिशी, 'हार्दिक'मधला नुसता 'हा'. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. किस्स्यांचंही तसंच आहे बघा. मी मुद्दाम एकही गोळा केला नाही. पण चंद्रपूर-गडचिरोली रस्त्यावर, सावली गावाच्या अलीकडच्या आमच्या बाजाराच्या गावात, स्टँडसमोर दुकान टाकून बसलं की माणूस जन्मला, दहावी पास झाला, निवडून आला, पडला, मेला, सगळं आधी आपल्या दारात येतं. वाढदिवसवाला आणि श्रद्धांजलीवाला एकाच बाकावर बसून चहा पितात!

आज सांगतो ते सगळे किस्से कोरोनाचे. तुम्ही म्हणाल, बबनभाऊ, अजून तेच घेऊन बसले का? अहो, मी कुठं बसलो? साथ केव्हाची गेली, फ्लेक्स अजून येऊन राह्यले! एप्रिल लागला की देशावरचं ते संकट लोकांना बरोबर आठवतं. इलेक्शनच्या वर्षी तर जरा जास्तच आठवतं.

दुकानात आम्ही तिघं. मी, म्हणजे मालक. शालू, डिझाइन करते. आयटीआय केलेली पोरगी, हात चालतो कॉम्प्युटरवर अन् तोंड चालतं गिऱ्हाइकावर. आणि मारोतीभाऊ. तो फ्लेक्स फ्रेमवर ताणतो, बांबू रोवतो, खांबावर चढतो. बोलत नाही फारसं. तुम्ही दहा वाक्यं बोला, तो म्हणेल, "हो जी." झालं.

गिऱ्हाइकं पुष्कळ, पण मानाचं गिऱ्हाईक म्हणजे अध्यक्ष. कशाचे अध्यक्ष ते मला आजवर समजलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "कशाकशाचा सांगू?" तेव्हापासून विचारणं सोडलं.

* * *

आता नामदेवभाऊ कोण ते आधी सांगतो, म्हणजे पुढं अडणार नाही.

नामदेवभाऊची सुमो होती. लग्न, जत्रा, बाळंतीण, जे येईल ते भाडं मारायचा. दुसऱ्या लाटेत गावात एकही गाडीवाला पेशंटला हात लावत नव्हता. हा एकटा सुमोवर सायरन बसवून निघाला. घरच्यांनी अडवलं, शेजाऱ्यांनी समजावलं. तर म्हणे, "गाडी माही, डिझेल माह्यं, मरन माह्यं. तुमचं का जाते जी?"

आमच्या शाळेत कोविड सेंटर उघडलं होतं. तिथं जो दगावला, त्याला पॅक करून थेट घाटावर. घरच्यांनी यायचं नाही, तोंड पाहायचं नाही. आमच्याकडं मातीला न जाणं म्हणजे काय, ते ज्याला कळते त्याला कळते. शेताच्या धुऱ्यावरून डोकी फोडलेले भाऊ असले, तरी मातीला येतात. आणि इथं तर बायको नवऱ्याच्या मातीला जाऊ शकत नव्हती.

शाळेतून घाटाचा रस्ता सरळ आहे. पण नामदेवभाऊ सरळ गेला नाही कधी. ज्याचं मयत, त्याच्या घरावरून गाडी न्यायचा. गल्लीत शिरला की सायरन बंद, गाडी बैलबंडीच्या चालीनं, आणि दारासमोर एक हॉर्न. एकच. घरचे दारात हात जोडून उभे. आजूबाजूचेही आपापल्या दारात हात जोडून उभे. तेवढीच काय ती माती. शेजारच्या सीटवर मारोतीभाऊ असायचा, गाडीतून उतरवायला माणूस नको का?

तहसीलच्या एका साहेबानं त्याला हटकलं, "तू रूट काऊन बदलवतो रे?"

नामदेवभाऊ म्हणाला, "साहेब, मी नाई बदलवत. गाडीले सवय हाये. मानसाले घर दाखवल्याबिगर ते पुढं जातच नाई."

साहेब तोंडावरचा मास्क नीट करून निघून गेला. चांगला माणूस होता तोही.

मग एक दिवस नामदेवभाऊच तापानं फणफणला. चंद्रपूरला नेला. तिकडंच गेला, तिकडंच सगळं आटोपलं. त्याची बायको कौसाबाई, तीही पॉझिटिव्ह, घरासमोर बांबू ठोकलेले. फोनवर कळलं तिला. बांबूच्या पलीकडं मारोतीभाऊ उभा होता. त्याला ती एवढंच म्हणाली, "सगळ्यायले घरावरून नेलं त्यायनं. त्यायले कोनी आनलं नाई."

हे मला सांगून मारोतीभाऊ पुन्हा फ्लेक्स ताणायला लागला.

* * *

पहिल्या पुण्यतिथीला अध्यक्ष आले. "बबन, मोठा बॅनर पाह्यजे. स्टँडवर लावाचा. वर सगळे नेते, इकडून माहा फोटो, तिकडून पार्टीच्या साहेबांचा."

शालूनं विचारलं, "आणि नामदेवभाऊ?"

"हो ना, तो हायेच. मधात कुठी जागा उरली तर बसव."

"जागा उरली तर? पुण्यतिथी कोनाची हाये भाऊ?"

"अवं पोरी, नामदेवले तर सगळे ओरखतेच! त्याचा फोटो मोठा करून का फायदा?"

नामदेवभाऊचा फोटो तरी कुठं होता! कोणाच्या तरी मोबाईलमध्ये पुतण्याच्या लग्नातला एक सापडला, अर्ध्या बन्यानवर, खांद्यावर दुपट्टा. आता धंद्याची एक रीत सांगतो. आमच्याकडं कॉम्प्युटरमध्ये एक तयार बॉडी असते, कोट-टायवाली. मेलेल्या माणसाचा धड फोटो नसला की त्याचं मुंडकं त्या कोटावर बसवायचं. तालुक्यातले अर्धे स्वर्गवासी तोच कोट घालून गेले आहेत. शालूनं नामदेवभाऊलाही चढवला.

बॅनर छापायच्या आधी कौसाबाई पाहायला आली. स्क्रीनसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, हा मानूस कोन होय?"

"काकू, नामदेवभाऊच ना!"

"त्यायले टाय?" कौसाबाई हसायला लागली. "मायवं! उन्हाऱ्यात बन्यान टिकत नव्हती आंगात!"

शालूनं कोट काढला. कुठून तरी एक चौकड्याचा शर्ट शोधून घातला. कौसाबाई वाकून पाहत होती. म्हणाली, "वरचं बटन खोल. लावत नव्हते ते."

आणि शालूनं, जिच्याकडं गिऱ्हाईक वेलांटी बदलायला आलं तरी ती खेकसते, त्या शालूनं कॉम्प्युटरवर ते बटण खोलून दिलं. अर्धा दिवस गेला त्या एका बटणात. 

* * *

त्याच वर्षी अध्यक्षांनी कोरोना योद्ध्यांचा सत्कार ठेवला. सन्मानपत्रं आम्हीच छापली. छापता छापता मशीन गरम झालं, एवढे योद्धे निघाले आमच्या गावात! लाट होती तेव्हा कुठं लपले होते देव जाणे.

एक योद्धा तर असा, की पूर्ण लाटभर सासऱ्याच्या शेतात, जंगलाच्या कडेला जाऊन राहिला होता. मी त्याला तोंडावरच विचारलं, "तू काऊन गा योद्धा?"

तो म्हणे, "मी इथी नव्हतो, म्हणून माह्यापासून कोनाले झाला का? नाई ना? मंग!"

मी त्याचंही सन्मानपत्र छापून दिलं.

कार्यक्रमात कौसाबाईला स्टेजवर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला, एक स्मृतिचिन्ह दिलं. त्या स्मृतिचिन्हावर फोटो अध्यक्षांचा! मारोतीभाऊचं नाव कोणी घेतलं नाही. तो मंडपाच्या मागं दोरी आवळत होता, वारा सुटला होता ना. कौसाबाईनं मंडपात इकडंतिकडं पाहिलं. स्टेजवरून उतरली, सगळ्या खुर्च्यांमधून चालत मागं गेली आणि ती शाल मारोतीभाऊच्या खांद्यावर टाकली. मारोतीभाऊच्या दोन्ही हातात दोरी. सोडली तर मंडप पडते! तसाच उभा राहिला बिचारा शाल घेऊन.

माइकवर अध्यक्ष काय म्हणाले असतील? "टाळ्या! टाळ्या! बघा, आमचं मंडळ कोनालेच विसरत नाई!"

* * *

पुढच्या पुण्यतिथीला श्रद्धांजलीसभा. सगळे उभे राहिले, दोन मिनिटं मौन पाळलं. बसले. अध्यक्ष भाषणाला उठणार, तेवढ्यात फोटोग्राफर कानाशी येऊन म्हणाला, फोटो आले नाहीत, कार्ड भरलं होतं.

अध्यक्ष माइकवर, "बंधूभगिनींनो, काही तांत्रिक कारणामुळं आपन मौन पुन्हा घेऊन राह्यलो. उभे व्हा!"

लोक उठले ना! आमचे लोक असे आहेत, उठा म्हटलं की उठतात. फोटोग्राफर पुढं येऊन सांगतो, "भाऊ, मान थोडी खाली. जास्त नाई, चेहरा आला पाह्यजे. हां, दुःखी राहा." अध्यक्ष दुःखी राहिले.

कौसाबाई पहिल्या रांगेत बसूनच. अध्यक्षांनी डोळ्यानं खुणावलं, उठा म्हणून. ती तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाली, "तुमी घ्या जी. माह्यं चालूच हाये."

सभेत जी शांतता झाली, ती खरी. फोटोग्राफरनं तेवढी टिपली की नाही, माहीत नाही.

* * *

शालूची एक चूक सांगतो. ती चिडेल, पण सांगतोच.

धंद्यात घाई असली की जुनीच फाइल उघडायची, फोटो बदलायचा अन् छापायची. तिनं अध्यक्षांच्या वाढदिवसाची फाइल उघडली. अध्यक्षांच्या जागी नामदेवभाऊ टाकला, 'हार्दिक शुभेच्छा'चं 'भावपूर्ण श्रद्धांजली' केलं, केक काढून समई ठेवली. सगळं बरोबर. फक्त फोटोखालची पट्टी बदलायची राहिली. मारोतीभाऊनं सकाळी तो फ्लेक्स स्टँडवर चढवला. स्वर्गीय नामदेवभाऊ, खाली सोनेरी अक्षरात, 'भावी आमदार'!

दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. बॅनर वाचतं कोण? मग एका एसटी कंडक्टरनं येऊन सांगितलं. शालू धावत सुटली, मी तिच्या मागं. पाहतो तर खाली कौसाबाई उभी, वर मान करून. शालू रडकुंडीला आली, "काकू, माफ करा, आत्ता उतरवतो."

कौसाबाई म्हणाली, "राहू दे ना वं, सांजवरी. इतके जन भावी हाये, त्यात ह्ये एक."

आणि वर म्हणते, "निवडून आले असते बी. घरोघरी तर जाऊन आले होते."

अध्यक्षांना मात्र हे लागलं. दुकानात येऊन विचारतात, "बबन, खरं सांग, तिच्या मनात उभं राहाचं तर नाई?"

* * *

कार्यक्रम झाला की फ्लेक्सचं काय होतं, ठाऊक आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी तो जागेवर नसतो. आमच्याकडं धान पिकतो. कापणी झाली की धानाचं पुंजणं रचून ठेवतात, आणि अवकाळी पाऊस आला तर झाकायला फ्लेक्ससारखी वस्तू नाही. त्यामुळं दिवाळीनंतर आमच्या शिवारात फिरा, सगळे नेते पुंजण्यांवर झोपलेले दिसतील, आकाशाकडं तोंड करून, हात जोडून!

अध्यक्षांना याचा राग येत नाही, हे त्यांचं मी मानतो. उलट गाडी थांबवून बघतात अन् म्हणतात, "आपला बॅनर कुठीबी कामाले येते!"

एकदा त्यांच्याबरोबर मीही होतो. वावरात एका पुंजण्यावर पुण्यतिथीचाच फ्लेक्स. वर नेते, इकडून अध्यक्ष, तिकडून साहेब, सगळे उन्हात. मधला नामदेवभाऊ दिसेना. मी जवळ जाऊन पाहिलं. फ्लेक्सला तिथं एक घडी घातलेली, आणि नामदेवभाऊ त्या घडीत, आतल्या बाजूला, सावलीत.

वावराचा मालक म्हणाला, "माह्या बापाले घरावरून आनलं होतं त्यानं. त्याले उनात कायले ठेवू जी?"

अध्यक्ष म्हणाले, "घडीमुळं माहा एक हात गेला ना बे!"

त्यांचं म्हणणंही खरं होतं. एक हात गेलाच होता.

* * *

कौसाबाई दरवर्षी बॅनर छापायच्या आधी दुकानात यायची. बॅनर बघायला नाही. शालूजवळ स्टुलावर बसायची आणि म्हणायची, "दाखव."

शालू फोटो उघडायची.

"मोठं कर."

शालू मोठा करायची.

"आनखी."

चेहरा स्क्रीनभर व्हायचा. मग नुसते गाल, नाक, भुवया. आमच्या धंद्यात म्हणतात, फोटो फाटतो. फार मोठा केला की सगळे चौकोन चौकोन दिसायला लागतात. शालू हळूच म्हणायची, "काकू, आता फाटून राह्यला."

"फाटू दे. नजर दिसून राह्यली."

एका वर्षी ती तशीच बसल्या बसल्या बोलली. "शालू, त्यायचं तोंड पाहाले नाई भेटलं, ते झालं. पन एकडाव गल्लीत यावं वाटते. माह्या दारावरून जावं. मंग जिकडं जाचं तिकडं जा म्हनावं."

शालू उठून मागं गेली, तोंड धुऊन आली. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, एक वाढदिवसवाला, एक दुकानाच्या उद्घाटनवाला. त्यांना आमच्या शालूनं सांगितलं, "आज दुकान बंद." माझ्या दुकानाचं शटर मला न विचारता खाली! आणि मी, इतका तापट माणूस, बाहेर येऊन तिला लावायला कुलूप दिलं.

* * *

आता गाडीचा किस्सा.

अध्यक्षांबद्दल मी इतकं तिरकं बोलतो, पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रुग्णवाहिका आणली ती त्यांनीच. किती दारं झिजवली, किती जणांच्या पाया पडले, मी डोळ्यांनी पाहिलं. गावात अडल्यानडल्याला गाडी नव्हती, ती झाली. नाव दिलं, 'नामदेव स्मृती रुग्णवाहिका'. चालवायला माणूस ठेवला मारोतीभाऊला. लायसन होतंच त्याच्याजवळ, अन् दुसरं कोणी मागितलंही नसतं.

गाडीवरची स्टिकरं आमच्याकडं आली. दोन्ही बाजूंनी अध्यक्ष, उभे, हात जोडून, चाकापासून टपापर्यंत. मागच्या दारावर साहेब. दार उघडलं की साहेब मधोमध दोन होतात, पण ते असो. नामदेवभाऊच्या फोटोसाठी जागा उरली ती डिझेलच्या झाकणाच्या वर, वीतभर.

शालूनं स्टिकर चिकटवलं नाही. हातात घेऊन बसली. म्हणाली, "बबनभाऊ, मी नाई लावत. डिझेलच्या झाकनावर? त्याच्याच गाडीवर?"

कौसाबाई तिथंच होती. तिनं ते स्टिकर शालूच्या हातातून घेतलं, स्वतःच्या हातानं झाकणाच्या वर ठेवलं, पदरानं दाबून दाबून हवा काढली. "बरी हाये जागा. जवा जवा डिझेल टाकतीन, तवा तवा तोंड तरी पाहतीन लोक."

मग मारोतीभाऊकडं वळून म्हणाली, "उपाशी तर नाई राहनार ना ते."

मारोतीभाऊ म्हणाला, "नाई जी." तेवढंच.

लोकार्पणाचा दिवस. स्टँडवर मंडप, डीजे, साहेब वेळेवर आले नाहीत म्हणून अध्यक्षांनीच फीत कापली. मिरवणूक ठरली होती स्टँडपासून चौकात आणि चौकातून अध्यक्षांच्या घरी, जेवण तिथं होतं. भाषणं झाल्यावर अध्यक्षांनी कौसाबाईच्या हातात माइक दिला आणि बाजूनं हळूच सांगितलं, "दोन शब्द आभाराचे बोला, कौसाबाई."

 ही बाई काय बोलेल नेम नाही!

कौसाबाईनं माइक तोंडाजवळ धरला. "आभार मी इथी नाई मानत. माह्या दारात मानतो. गाडी घरावरून आना जी." माइक परत दिला आणि पदर खोचून तरातरा घराकडं निघाली.

अध्यक्षांचा चेहरा फुलला. "दारात आभार! म्हणजे ओवाळते आपल्याले!" लगेच फोटोग्राफरला हाक, "कार्ड खाली हाये ना बे आज? चाल पुढं, तिच्या दारात उभा राह्य!" मारोतीभाऊला म्हणाले, "पहिले कौसाबाईच्या घरावरून घे."

मारोतीभाऊ म्हणाला, "हो जी."

अध्यक्ष पुढच्या सीटवर, मारोतीभाऊच्या शेजारी, गळ्यात हार, काच खाली. डीजे मागं. मी अन् शालू स्कूटीवर, गाडीला लागून. चौकापर्यंत सायरन, गुलाल, घोषणा, सगळं जोरात. गाडी कौसाबाईच्या गल्लीकडं वळली आणि मारोतीभाऊनं सायरन बंद केला.

"सायरन काऊन बंद केला बे?" अध्यक्षांनी विचारलं.

मारोतीभाऊ समोर पाहत होता. त्यानं हात बाहेर काढून मागच्या डीजेला थांबायची खूण केली. डीजे थांबला. गाडी बैलबंडीच्या चालीनं चालायला लागली.

आणि मी पाहिलं, पहिल्या घराच्या दारात म्हातारा उभा. हात जोडून. पुढच्या दारात दोघी जावा, हात जोडून. त्याच्या पुढच्या दारात पोरंबाळं, घरधनी, सगळे. त्याच्या पुढच्या दारात. त्याच्याही पुढच्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी हलत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं.

अध्यक्ष भारावून गेले हो! इकडच्या दाराला नमस्कार, तिकडच्या दाराला नमस्कार. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. मागं वळून मला म्हणतात, "बबन, पाह्यलं का? एवढं प्रेम मले माहीतच नव्हतं!"

 शालूनं माझा खांदा घट्ट धरला होता.

कौसाबाईचं दार आलं. ती दारात उभी, डोक्यावरून पदर. हातात ना ताट, ना दिवा. गाडी थांबली. फोटोग्राफर वाकून तयार. अध्यक्षांनी हार सारखा केला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि कपाळ पुढं केलं.

कौसाबाई पायऱ्या उतरली. अध्यक्षांच्या समोरून गेली, दाराजवळून गेली, मागं डिझेलच्या झाकणापाशी थांबली. तिथल्या फोटोवर हात ठेवला. 

मग पदर सावरला आणि म्हणाली, "ने आता, मारोती."

मारोतीभाऊनं एक हॉर्न दिला.